गिऱ्हाईक, ग्राहक आणि गुमास्ता : दुकानातील कामगाराच्या अवमानाचा सामाजिक इतिहास
(विशेष संदर्भ : रोहा-धाटाव परिसर)

प्रस्तावना

महाराष्ट्रातील कोणत्याही बँकेत, टपाल कार्यालयात किंवा मोठ्या दुकानात गेले असता भिंतीवर एक फलक हमखास दृष्टीस पडतो. ग्राहक हा आपल्या वास्तूत येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा असून तो आपल्यावर अवलंबून नसतो, आपणच त्याच्यावर अवलंबून असतो, अशा आशयाचा मजकूर त्यावर असतो आणि खाली महात्मा गांधींचे नाव असते. हे विचार गांधीजींनी १८९० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील एका भाषणात मांडले, असेही सांगितले जाते. वस्तुतः १८९० मध्ये गांधीजी लंडन येथे कायद्याचे शिक्षण घेत होते. दक्षिण आफ्रिकेस ते १८९३ मध्ये प्रथम गेले. या मजकुराशी मिळतीजुळती वाक्ये १९४० च्या दशकातील अमेरिकन व्यापारी प्रचारसाहित्यात आढळतात. तात्पर्य, व्यापारवृद्धीसाठी तयार झालेले एक वचन आपल्याकडे राष्ट्रपित्याच्या नावाने आचारधर्म बनून बसले आहे.

हा फलक ग्राहकाच्या समोर आणि कामगाराच्या डोक्यावर टांगलेला असतो. तो ग्राहकास त्याचे महत्त्व सांगतो व कामगारास त्याचे कर्तव्य सांगतो. ग्राहकाचे कर्तव्य आणि कामगाराचे महत्त्व सांगणारा फलक मात्र कोठेही आढळत नाही. दुकानात काम करणाऱ्या मुलामुलींशी ग्राहकांचे उद्धट वर्तन हा सामान्यतः शिष्टाचाराचा, फार तर संस्कारांचा विषय समजला जातो. "हल्ली लोकांना बोलण्याची रीतच राहिली नाही," अशा उद्गारात त्याची बोळवण होते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याहून वेगळे आहे. या वर्तनाला इतिहास आहे, आणि तो दुकानाच्या फळीच्या दोन्ही बाजूंस सत्ता कशी सरकत गेली याचा इतिहास आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) कुलाबा (आजचा रायगड) जिल्हा व एकूण महाराष्ट्राच्या संदर्भात दुकानदार, गिऱ्हाईक आणि नोकर यांच्या परस्परसंबंधांत झालेले बदल तपासणे.
२) दुकानातील कामगार व ग्राहक यांच्याविषयीच्या कायद्यांत कामगाराच्या प्रतिष्ठेस कोणते स्थान मिळाले, याचा शोध घेणे.
३) धाटावसारख्या औद्योगिक परिसरात हा प्रश्न कोणते स्वरूप धारण करतो, याचे विवेचन करणे.
४) महाविद्यालयीन शिक्षकांच्या दृष्टीने या प्रश्नाचे महत्त्व स्पष्ट करणे.

लेखासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायद्यांतील तरतुदी, ज्ञात ऐतिहासिक घटना आणि मराठी भाषेतील शब्दव्यवहार ही प्रमुख साधने मानली आहेत.

१. गिऱ्हाईक दुबळे होते तो काळ

ग्राहक हा राजा आहे, हे वचन आज इतके रूढ झाले आहे की, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी परिस्थिती नेमकी उलट होती याचे विस्मरण होते. कुलाबा हा भाताचा जिल्हा. कुंडलिका नदीच्या काठावरील रोहा-अष्टमी ही तांदळाच्या व्यापाराची जुनी जोडगावे. अशा बाजारपेठेत खेड्यांतून येणारा कुळवाडी, आगरी, ठाकूर किंवा कातकरी हा रोख पैसे देणारा ग्राहक क्वचितच असे. मीठ, तेल, कापड, बियाणे तो उधारीवर नेई आणि सुगीनंतर भात घालून खाते चुकते करी. माप दुकानदाराचे, भाव दुकानदाराचा, आणि वहीही दुकानदाराचीच. ज्याला ती वही वाचता येत नाही त्याने आवाज चढवून बोलण्याचा प्रश्नच नव्हता. दुकानदार हाच सावकार असल्याने गिऱ्हाइकास त्याची मर्जी राखावी लागे.

ही मर्जी संपली की काय होते, हे मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दिसून आले. तेथून पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकार-दुकानदारांकडील कर्जरोखे हस्तगत करून जाळण्यावर मुख्य भर दिला. या उठावाची परिणती चौकशी आयोगात व पुढे १८७९ च्या दख्खन कृषक साहाय्य कायद्यात झाली. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. गिऱ्हाइकाचा संताप अनेक वर्षे साचला होता. परंतु तो प्रकट झाला तेव्हा अन्यायाच्या मूळ साधनापर्यंत, म्हणजे मालकाच्या कागदपत्रांपर्यंत पोहोचला. दुकानात तराजू धरणाऱ्या नोकरावर तो खर्ची पडला नाही.

जातिव्यवस्थेने दुकानदाराच्या या सत्तेस आणखी धार दिली होती. अस्पृश्य मानलेल्या गिऱ्हाइकास दुकानाची पायरी चढता येत नसे. वस्तू दुरून टाकली जाई व नाणे दुरून ठेवावे लागे. मार्च १९२७ मधील महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाने कुलाबा जिल्ह्यातील या व्यवस्थेस आव्हान दिले. त्यानंतर मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीने, जिचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे एक सदस्य होते, १९३० च्या अहवालात सामाजिक बहिष्काराची नोंद घेतली. हक्क मागणाऱ्या अस्पृश्यांना जीवनावश्यक वस्तू विकू नयेत असे गावच्या वाण्यास सांगितले जाई, असे त्या अहवालात नमूद आहे. म्हणजे विकणे अथवा न विकणे हे शिक्षेचे हत्यार होते.

या पार्श्वभूमीवर दुकानदाराच्या तोऱ्याविषयी मराठी समाजाची स्मृती तीव्र असावी, हे स्वाभाविक आहे. पु. ल. देशपांडे यांनी रंगविलेल्या पुणेरी दुकानदारापासून ‘दुपारी एक ते चार बंद’ या पाटीपर्यंत आपल्या विनोदाने गिऱ्हाइकाला तुच्छ लेखणारा विक्रेता अजरामर केला आहे. उद्धट गिऱ्हाइकाचे तितके ठसठशीत चित्र मात्र आपल्या विनोदात सहसा आढळत नाही. याचे कारण कदाचित साधे असावे. लिहिणारा आणि वाचणारा वर्ग हा प्रायः फळीच्या अलीकडे, गिऱ्हाइकाच्या बाजूस उभा होता. पलीकडे उभा असणारा नोकर लिहीत नव्हता.

२. गुमास्ता : शब्द आणि कायदा

‘गुमास्ता’ हा शब्द फारसीतून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘नेमलेला’ असा आहे. मालकाच्या वतीने व्यवहार करणारा तो गुमास्ता. पेढीवर दिवाणजी, मुनीम, गुमास्ता आणि सर्वांत खाली ‘पोऱ्या’ अशी उतरंड असे. पोऱ्यास नाव असले तरी ते हाक मारण्यासाठी वापरले जाईच असे नाही. काम पहाटे झाडलोटीने सुरू होई आणि शेवटचे गिऱ्हाईक जाईपर्यंत चाले. गिरणी कामगारांसाठी १८८१ पासून कारखाना कायदा होता, परंतु दुकानातील नोकर त्या कक्षेच्या बाहेर होता. तो मालकाच्या घरचा माणूस समजला जाई आणि घरच्या माणसास कामाचे तास नसतात.

बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात १९३९ मध्ये मुंबई प्रांताने दुकाने व आस्थापनांविषयीचा कायदा केला. अशा स्वरूपाचा हा भारतातील पहिला कायदा होय. त्याच्या जागी आलेला मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम १९४८ हा सुमारे सात दशके महाराष्ट्रात लागू होता. दिवसास नऊ व आठवड्यास ४८ तास काम, सलग पाच तासांनंतर एक तास विश्रांती आणि आठवड्यास एक सुटी या त्याच्या प्रमुख तरतुदी होत्या. या कायद्यात ग्राहकाचे दर्शन एका ठिकाणी मोठे बोलके आहे. दुकान बंद करण्याच्या ठरावीक वेळी जो ग्राहक माल घेत असेल किंवा ताटकळत असेल, त्यास पुढील पाव तासात माल देण्याची मुभा कायद्याने ठेवली होती. कामगाराच्या दिवसाची हद्द ग्राहक किती ओलांडू शकतो, हे कायदेकर्त्यांनी ओळखले होते आणि ती पंधरा मिनिटांवर बांधली होती. ग्राहकाने त्या पंधरा मिनिटांत कसे बोलावे, हा मात्र कायद्याचा विषय नव्हता.

लोकांनी या कायद्यास ‘गुमास्ता कायदा’ हे नाव दिले आणि त्याखालील नोंदणीस ‘गुमास्ता लायसन’ म्हटले. आज एखाद्या दुकानदारास ‘गुमास्ता आहे का?’ असे विचारले, तर तो भिंतीवरचा चौकटीतला कागद दाखवितो, आत काम करणारा माणूस दाखवीत नाही. नोकराच्या नावाने ओळखला जाणारा कायदा लोकव्यवहारात मालकाचा परवाना होऊन बसला, हा शब्दाचा प्रवास पुरेसा सूचक आहे.

१९४८ चा कायदा रद्द करून आलेला २०१७ चा महाराष्ट्र अधिनियम १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याने दुकाने वर्षभर व अहोरात्र उघडी ठेवण्यास वाव दिला आणि आपली कक्षा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरती ठेवली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीस कामगारांपर्यंत नेण्यास व कामाचे दैनिक तास नऊवरून दहा करण्यास मान्यता दिली. रोह्यासारख्या तालुक्याच्या गावी बहुतेक दुकानांत दोन, तीन, फार तर पाच नोकर असतात. म्हणजे १९४८ च्या पाव तासाची ती लहानशी हद्दही येथील बहुतांश नोकरांपुरती पुसली गेली. २०२२ मध्ये या अधिनियमात दुरुस्ती करून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही कायद्याच्या कक्षेत आणले गेले, ते मराठी नामफलकाच्या सक्तीसाठी. मराठी पाटीचा आग्रह योग्यच आहे. परंतु लहान दुकानाच्या पाटीपर्यंत पोहोचणारा कायदा पाटीखाली उभ्या असलेल्या माणसापर्यंत का पोहोचू नये, हा प्रश्न विचारावयास हवा.

३. गिऱ्हाइकाचा ग्राहक झाला

मराठीत ‘गिऱ्हाईक’ आणि ‘ग्राहक’ हे एकाच मुळाचे दोन शब्द आहेत, पण त्यांची प्रतिष्ठा एक नाही. एखाद्याचे गिऱ्हाईक करणे म्हणजे त्याची टर उडविणे. म्हणजे गिऱ्हाईक हा फसणारा, भोळा प्राणी. ‘ग्राहक’ मात्र हक्क बाळगणारा नागरिक आहे. हे स्थित्यंतर प्रामुख्याने १९७० च्या दशकात घडले.

१९७२ च्या दुष्काळात व त्या सुमाराच्या महागाईत तेल, साखर, रवा, रॉकेल या वस्तूंसाठी रास्त भावाच्या दुकानांपुढे रांगा लागत. माल असून ‘नाही’ म्हणणारा दुकानदार हे त्या काळाचे प्रतीक होते. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींच्या नेतृत्वाखाली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीने मुंबईत लाटणे मोर्चे काढले. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने पुण्यात ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू झाले आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. वजनात मारणे, भेसळ, साठेबाजी यांविरुद्धचा हा लढा न्याय्य होता. त्याच्या पाठबळानेच डिसेंबर १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा शक्य झाला. पुढे २०१९ च्या कायद्याने त्याची जागा घेतली.

या लढ्याचे मोल कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. परंतु त्याची एक मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. ग्राहक चळवळीच्या चित्रात दोनच पात्रे होती : पिळला जाणारा ग्राहक आणि पिळणारा व्यापारी. तिसरे पात्र, म्हणजे व्यापाऱ्याचा नोकर, या चित्रात व्यापाऱ्यात मिसळून गेले. वस्तुतः संध्याकाळी तोच नोकर आपल्या घरासाठी मीठमिरची घेताना गिऱ्हाईक होत असे. दुकानदाराविषयी ग्राहकाच्या मनात असलेला, इतिहासाने सिद्ध केलेला संशय त्याच्या वाट्यास आला. दुकानदाराची सत्ता मात्र त्याच्या वाट्यास कधीच आली नव्हती.

४. घासाघीस संपली, वाद उरला

याच काळात विक्रीच्या रीतीत एक मूलगामी बदल झाला. जुन्या बाजारात भाव ठरविणे हा दोघांचा खेळ असे. गिऱ्हाईक निम्म्याने मागे, विक्रेता कपाळावर हात मारून घेई, गिऱ्हाईक पाठ फिरवी, विक्रेता परत बोलावी. पहिल्या विक्रीची ‘भवानी’ मोडू नये म्हणून सकाळी विक्रेता थोडे नमते घेई, हे गिऱ्हाइकास ठाऊक असे. या घासाघिशीत शब्द कडक असत, पण ते मानमर्यादेच्या चौकटीत असत आणि मुख्य म्हणजे दोन्ही पक्षांच्या हाती काही अधिकार असे. बाजारात बसलेली कोळीण भाव स्वतः कमी करू शकत होती आणि न पटल्यास गिऱ्हाइकास चार शब्द सुनावूही शकत होती. तिची जीभ हे तिचे संरक्षण होते.

वेष्टनबंद वस्तूंवर किंमत छापण्याची सक्ती १९७७ च्या नियमांनी झाली आणि १९९० पासून सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापली जाऊ लागली. ग्राहकाच्या दृष्टीने हा मोठा लाभ होता. परंतु किंमत आता कारखान्यात ठरू लागली आणि दुकानातील माणूस केवळ ती वाचून दाखविणारा झाला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई-पुण्यात स्वयंसेवा पद्धतीची मोठी दालने उघडली आणि हळूहळू तालुक्याच्या गावांपर्यंत त्यांची छाया पोहोचली. या व्यवस्थेत माल बदलून द्यावा की नाही, सुटे पैसे नसल्यास काय करावे, सवलत संपली की नाही, यांपैकी कोणताही निर्णय समोरच्या कामगाराच्या हाती नसतो. गणकयंत्र अडले तरी रांगेचा रोष त्याच्यावरच.

प्रस्तुत लेखाचे मध्यवर्ती प्रतिपादन येथे मांडता येईल. ज्याच्यापाशी तक्रार करावयाची तो समोर नसतो आणि जो समोर असतो त्याच्या हाती काही नसते. मालकी आणि उपस्थिती यांची अशी फारकत झाली म्हणजे ग्राहकाचा संताप, तो न्याय्य असला तरीही, चुकीच्या माणसावर कोसळतो. १८७५ चा शेतकरी कागदपत्रांपर्यंत पोहोचला होता. आजचा ग्राहक बिल करणाऱ्या मुलीपाशी थांबतो. आणि कोळणीस जे स्वातंत्र्य होते, उलट बोलण्याचे, ते या मुलीस नाही. कारण तिच्या डोक्यावर तो फलक आहे.

५. धाटाव : पगारदार ग्राहक आणि पगारी विक्रेता

रोह्याजवळ, रोहा-कोलाड मार्गावर वसलेले धाटाव हे या स्थित्यंतराचे एक लहान पण स्पष्ट उदाहरण आहे. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची रोहा औद्योगिक वसाहत येथे उभी राहिली आणि भातखाचरांच्या शेजारी रासायनिक कारखान्यांची धुराडी दिसू लागली. १९८१ च्या आरंभी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. १९८० च्या दशकात रोह्यापर्यंत रेल्वे आली आणि जानेवारी १९९८ मध्ये रोह्यापासून पुढे कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. या घटनांनी या परिसरास एक नवी गोष्ट दिली : दरमहा ठरावीक तारखेस येणारा पगार.

पगाराने गिऱ्हाईक सुगीच्या व वहीच्या बंधनातून बरेचसे मुक्त झाले. जो आजोबा पेढीसमोर उकिडवा बसत असे, त्याचा नातू खिशात रोख रक्कम घेऊन फळीशी उभा राहिला. ही निश्चितच प्रगती होय. पण त्याच वेळी दुकानातही बदल झाला. मालक गल्ल्यामागे किंवा दुसऱ्या शाखेत असतो, आणि माल काढून दाखविणारी मुले-मुली आसपासच्या गावांतील, कित्येकदा त्याच ग्राहकाच्या भावकीतील असतात. दोघेही पगारी आहेत. फरक इतकाच की, एकाची पाळी सुटली आहे आणि दुसऱ्याची चालू आहे.

येथे कारखान्याची शिस्त व दुकानातील वर्तन यांचा संबंध लक्षात घ्यावा लागतो. औद्योगिक वसाहतीत कायम कामगार, कंत्राटी कामगार, पर्यवेक्षक, अधिकारी अशी काटेकोर उतरंड असते. दिवसभर ज्यास दुसऱ्यास ‘साहेब’ म्हणावे लागते, तो दुकानात पाच मिनिटांपुरता साहेब होतो. आठ तास गिळलेला अपमान परत करण्याची ही एकमेव सुरक्षित जागा आहे, कारण तेथून प्रत्युत्तर येणार नाही याची त्यास खात्री असते. हे वर्तनाचे समर्थन नव्हे. परंतु केवळ ‘संस्कार कमी पडले’ असे म्हणून हे कारण झाकता येत नाही. अधिकारी वर्गाची भाषा वरून सौम्य असली तरी ‘तुझ्या मालकाला फोन लावतो’ हे वाक्य शिवीइतकेच काम करते, हेही नमूद करावयास हवे.

६. संबोधनाची उतरंड

मराठीत तू, तुम्ही आणि आपण अशा तीन पायऱ्या आहेत. त्यामुळे मराठी ग्राहक तोंड उघडताक्षणी समोरच्या माणसाची जागा ठरवून टाकतो. मालकास ‘शेठ’, ‘भाऊ’ किंवा ‘काका’; विक्रेत्यास ‘अरे’, ‘ए पोरा’, ‘ए मुली’. चाळिशी उलटलेला नोकरही ‘पोऱ्या’च राहतो. कोकणातील गावात वयाने मोठ्या माणसास नात्याने हाक मारण्याची रीत आजही जिवंत आहे. ‘मावशी, जरा ती बरणी दाखवा’ या वाक्यात मागणी आहे, पण आज्ञा नाही. ही रीत मालकी हक्काकडे न पाहता वयाकडे पाहते. ती दुकानाच्या उंबरठ्यावर गळून पडते, याचा अर्थ आपण तेथे माणूस न पाहता त्याची नोकरी पाहतो.

भाषेच्या प्रश्नाचे दुसरे टोक जून २०२५ च्या अखेरीस मीरा रोड येथे दिसले. मराठी बोलण्यावरून एका मिठाईच्या दुकानात झालेली मारहाण राज्यभर गाजली व व्यापाऱ्यांनी बंदही पाळला. महाराष्ट्रात ग्राहकास मराठीतून सेवा मिळावी, ही अपेक्षा रास्त आहे. तथापि त्या वादात फळीमागचा माणूस हा माणूस न राहता एका समूहाचे प्रतीक ठरला. भाषेचे धोरण तो ठरवीत नाही. ज्या भाषेसाठी आपण आग्रह धरतो, त्या भाषेतील ‘तुम्ही’ हा शब्द त्याच्यासाठी वापरणे हा त्या भाषेचा अधिक चांगला परिचय ठरला असता.

७. इतर समाजांनी काय केले?

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये ‘भावनिक श्रम’ ही संकल्पना मांडली. विमानसेविकेसारख्या कामगारास पगार केवळ हातांच्या कामाचा मिळत नाही, तर चेहऱ्यावरचे हसू टिकविण्याचाही मिळतो, आणि या श्रमाची झीज मोजली जात नाही, असे त्यांनी दाखविले. या विचाराचा परिणाम पुढे कायद्यांत उतरला. दक्षिण कोरियात २०१८ पासून ग्राहकाभिमुख कामगारांचे शाब्दिक हिंसेपासून रक्षण करण्याची जबाबदारी मालकांवर टाकण्यात आली. स्कॉटलंडने २०२१ मध्ये दुकान कामगारास धमकावणे, शिवीगाळ वा मारहाण करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरविला. टोकियो महानगराने ग्राहकांकडून होणाऱ्या छळाविरुद्ध नियम केला असून तो एप्रिल २०२५ पासून लागू आहे. त्यात दंडाची तरतूद नाही. परंतु ग्राहकाच्या न्याय्य तक्रारीच्या हक्कास बाध येऊ नये, असे त्यात स्पष्ट केले आहे. हा समतोल आपल्या विचारास उपयुक्त आहे.

भारतातही आशेची चिन्हे नाहीत असे नाही. कोळीकोड येथील विक्रेत्या स्त्रियांच्या लढ्यातून केरळने २०१८ मध्ये दुकानातील कामगारांस बसण्याचा हक्क कायद्याने दिला आणि २०२१ मध्ये तमिळनाडूने तोच मार्ग स्वीकारला. दिवसभर उभे राहण्याची सक्ती ही ग्राहकाच्या मानासाठी होती, हे लक्षात घेता बसण्याचा हक्क हा प्रतिष्ठेचाच हक्क ठरतो. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यातील कलम १९ नुसार कामाच्या जागी संपर्कात येणाऱ्या व्यक्तींपासूनही सुरक्षित वातावरण देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. यात ग्राहक येतोच. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानातील स्त्रीस जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते. ही तरतूद रोहा किंवा धाटाव येथील किती दुकानांत ठाऊक आहे, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतः विचारून पाहावा.

निष्कर्ष व समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, एकोणिसाव्या शतकात फळीवरील सत्ता दुकानदाराकडे होती. रोख पगार, ग्राहक चळवळ व छापील किंमत यांमुळे ती क्रमशः ग्राहकाकडे आली, आणि हे परिवर्तन न्यायाचे होते. दुसरा, या परिवर्तनात पगारी विक्रेत्यास कोणतीही सत्ता मिळाली नाही. उलट मालकाविरुद्धच्या रोषाचा तो धनी झाला. तिसरा, आपल्या कायद्यांनी कामगाराचे तास मोजले व ग्राहकाचे हक्क मोजले, परंतु कामगाराची प्रतिष्ठा २०१३ च्या कायद्याचा अपवाद वगळता फारशी मोजली नाही. चौथा, उद्धट वर्तनावर उपाय केवळ ग्राहकास उपदेश करून होणार नाही. तक्रार ऐकून घेण्यास मालकाने अथवा अधिकार असलेल्या व्यक्तीने समोर असणे आणि अपमान झाल्यास कामगारास माल न देता थांबण्याची मुभा असणे, या दोन गोष्टी त्याहून महत्त्वाच्या आहेत.

हा विषय महाविद्यालयीन नियतकालिकात का मांडावा? कारण फळीच्या पलीकडे उभी असलेली मुले-मुली पुष्कळदा आपलीच असतात. सकाळी वाणिज्य शाखेच्या वर्गात ग्राहकाच्या सार्वभौमत्वाची व्याख्या उतरवून घेणारा विद्यार्थी दुपारनंतर त्या सार्वभौमाचे बोलणे ऐकून घेत असतो. आपण त्यास विपणन शिकवितो, ग्राहकाचे समाधान शिकवितो. अपमान झाल्यास आपले हक्क काय, हे शिकवीत नाही. आणि संध्याकाळी त्याच दुकानात गेल्यावर आपण त्यास ओळखले नाही तर बहुधा ‘अरे’ म्हणूनच हाक मारतो. ओळखले तर मात्र ‘काय रे, इथे असतोस का?’ असे विचारताना आवाज मऊ होतो. त्या दोन हाकांमधील अंतर म्हणजेच या लेखाचा विषय होय.

भिंतीवरील तो फलक गांधीजींचा नाही, हे एव्हाना स्पष्ट झाले आहे. श्रमाची प्रतिष्ठा मानणाऱ्या गांधीजींचे खरे विचार शोधून त्याच्या जागी लावावयाचे ठरविले, तर ते ग्राहकाने वाचावेत असे असतील. तोवर निदान आपल्या महाविद्यालयाच्या उपाहारगृहात व भांडारात काम करणाऱ्यांस ‘तुम्ही’ म्हणण्यापासून सुरुवात करता येईल.